डिझाइन रिव्ह्यूच्या स्लाइडवर आकडे हाताने टाइप करणं आता थांबवावं का?

वाडीकर (धागाकर्ता)

मी बडोद्यात एका डिझाइन ऑफिसात पाइपिंग बघतो. रिफायनरी आणि केमिकल प्लांटची कामं. ज्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: प्लांटचं त्रिमितीय मॉडेल साधारण ३०, ६० आणि ९० टक्के झालं की प्रत्येक टप्प्यावर क्लायंटसमोर रिव्ह्यू होतो. मॉडेल पडद्यावर फिरवून दाखवतातच, पण त्याआधी स्लाइड्स असतात. किती लाइन्स रूट झाल्या (पाइपलाइनचे मार्ग आखून झाले), एकेका लाइनची किती आयसोमेट्रिक ड्रॉइंग निघाली, कुठे किती क्लॅश (दोन वस्तू एकमेकींत घुसण्याच्या जागा) उरले, मटेरियल टेकऑफ (लागणाऱ्या मालाचा हिशेब) मागच्या वेळेपेक्षा किती वाढला. हे सगळं मॉडेलमध्ये असतं. तिथून ते एक्सेलमध्ये येतं आणि एक्सेलमध्ये बघून कुणीतरी ते स्लाइडवर टाइप करतं.

ही शेवटची पायरी काढून टाकावी असं माझं ठाम मत आहे. स्लाइडवरचा प्रत्येक आकडा मॉडेलमधून थेट यावा. अवघड काही नाही. पॉवरपॉइंटची पीपीटीएक्स फाइल म्हणजे आत एक्सएमएल भरलेली झिप फाइल आहे, त्यामुळे पायथनमधून ती भरता येते. कोऱ्या टेम्प्लेटमध्ये जागा ठरवून ठेवायच्या, स्क्रिप्ट चालवली की आकडे, तक्ते, आलेख जागेवर. मॅटलॅब-सिम्युलिंक या गणिती मॉडेलच्या सॉफ्टवेअरवाल्यांकडे तर यासाठी रिपोर्ट जनरेटर तयारच आहे.

आज काय होतं? रिव्ह्यू सकाळी असेल तर मॉडेल आदल्या दुपारीच थांबवतात, कारण आकडे उतरवायला वेळ हवा. म्हणजे उतरवण्याच्या सोयीसाठी आपण मॉडेल शिळं करतो. शिवाय एकच आकडा सारांशात, विभागाच्या स्लाइडवर आणि शेवटच्या तक्त्यात असतो. घाईत एका जागी बदलतो, दोन जागी राहतो. क्लायंटच्या माणसाच्या ते लगेच लक्षात येतं, आणि मग उरलेल्या चाळीस स्लाइड्सवर कोण विश्वास ठेवणार?

कलाभवनवाला

वाडीकर, कळकळ समजली, पण मी विरुद्ध बाजूचा. मी निवृत्त आहे, आयुष्य ड्रॉइंग बोर्डापासून मॉडेलपर्यंत याच कामात गेलं.

रिव्ह्यूची स्लाइड म्हणजे तुम्ही क्लायंटला दिलेलं निवेदन असतं. मिनिट्समध्ये (बैठकीच्या इतिवृत्तात) लिहिलं जातं, "स्लाइड १४ प्रमाणे पंपहाऊसमधील बदल मान्य." सहा महिन्यांनी वाद झाला आणि कुणी तुमची ती जिवंत फाइल उघडली, तर स्लाइड १४ वर वेगळाच आकडा. मग क्लायंटने मान्य केलं ते काय?

सगळ्या विभागांची मॉडेल्स एकत्र बघायच्या नेव्हिसवर्क्स सॉफ्टवेअरमध्येही हा फरक आहे, बघा. एनडब्ल्यूएफ फाइल मूळ फायलींकडे बोट दाखवते, त्या बदलल्या की तीही बदलते. एनडब्ल्यूडी म्हणजे त्या क्षणाचं गोठवलेलं मॉडेल. रिव्ह्यूला आपण एनडब्ल्यूडी देतो, एनडब्ल्यूएफ नाही. मग स्लाइडला वेगळा न्याय का?

वाडीकर

काका, गोठवायला माझा विरोध नाहीच. रिव्ह्यूच्या दिवशी सकाळी शेवटची स्क्रिप्ट चालवायची, लिंक तोडायची, पीडीएफ काढून मिनिट्सला जोडायची. प्रत्येक स्लाइडच्या तळाशी कुठल्या एनडब्ल्यूडीवरून, किती वाजता आकडे घेतले ते छापायचं. बँकेच्या स्टेटमेंटवर तारीख असते तसं. हाताने टाइप केलेल्या स्लाइडवर असा शिक्का कधी बघितलाय का? तिथे आकडा कुठल्या रिव्हिजनचा हे फक्त टाइप करणाऱ्याला माहीत, आणि तो नोकरी सोडून गेला की कुणालाच नाही.

मकरपुरा_ट्रान्सफॉर्मर

मी ट्रान्सफॉर्मर डिझाइनमध्ये. वाडीकरांशी निम्मा सहमत.

आधी एक स्पष्ट करा, लिंक म्हणजे कुठली लिंक? बहुतेक लोक एक्सेलमधून कॉपी करून पेस्ट स्पेशलमध्ये पेस्ट लिंक निवडतात आणि काम झालं समजतात. ती लिंक फाइलचा पूर्ण पत्ता धरून ठेवते. फोल्डरचं नाव बदललं, फाइल दुसऱ्या सर्व्हरवर गेली, किंवा प्रेझेंटेशन मेलने पाठवलं, की ती तुटते. तुटल्यावर स्लाइड रिकामी दिसली असती तर बरं झालं असतं. तसं होत नाही, शेवटचं चित्र तसंच राहतं. उघडताना लिंक अपडेट करू का असं विचारतात तेव्हा घाईत नको म्हटलं तरी तेच. बघणाऱ्याला वाटतं आकडा ताजा आहे. टाइप केलेल्या आकड्याबद्दल निदान थोडी शंका तरी असते. म्हणून स्क्रिप्टने पूर्ण स्लाइड नव्याने बनवणं मला चालेल, पेस्ट लिंक नाही.

दुसरं, आकडा एकटा प्रवास करतो, त्याच्या अटी मागे राहतात. आमच्याकडे लोड लॉस (भार असताना ट्रान्सफॉर्मरमध्ये वाया जाणारी वीज) ७५ अंश सेल्सिअस या संदर्भ तापमानाला आणून सांगायचा असतो. शिवाय डिझाइन प्रोग्रॅममधला गणिती लॉस वेगळा आणि करारात हमी दिलेला वेगळा. स्क्रिप्टने चुकीचा रकाना उचलला तर चुकीचा आकडा नीट छापून येईल, दर वेळी, न चुकता. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर गेलं ते असंच. एका सॉफ्टवेअरने पौंड-सेकंदात दिलेला आकडा पुढच्याने न्यूटन-सेकंदात धरला. मधे हाताने कुणी काही उतरवलं नव्हतं.

रावपुऱ्याची_लेक

मी क्लॅश कोऑर्डिनेशन करते, आणि वाडीकरांनी क्लॅशचे आकडे इतक्या सहज यादीत घातले ते बघून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

नेव्हिसवर्क्समध्ये क्लॅशच्या पाच अवस्था: न्यू, अ‍ॅक्टिव्ह, रिव्ह्यूड, अप्रूव्ह्ड, रिझॉल्व्ड. यातली रिझॉल्व्ड सॉफ्टवेअर स्वतः लावतं. मागच्या टेस्टमध्ये सापडलेला क्लॅश या वेळी सापडला नाही, की झाला रिझॉल्व्ड. का सापडला नाही हे त्याला कळत नाही. पाइप हलवला म्हणून नसेल. कुणी टॉलरन्स (किती घुसलेलं चालवून घ्यायचं ती मर्यादा) ५ मिमीचा २५ मिमी केला म्हणून नसेल. किंवा त्या रात्री स्ट्रक्चरची फाइल लोडच झाली नाही म्हणूनही नसेल! तुमची स्क्रिप्ट दुसऱ्या दिवशी सुंदर उतरता आलेख काढेल, आणि पाइप मात्र बीममधून आरपार गेलेला असेल.

अजून एक. एका बीमवरून जाणाऱ्या सगळ्या केबल ट्रे त्याला घासत असतील तर ते तीस क्लॅश की एक? आम्ही गट करून एक धरतो, कारण बीम खाली घेतला की सगळे सुटतात. दुसरा कोऑर्डिनेटर गट करत नाही. आणि इन्सुलेशन मॉडेलमध्ये घन स्वरूपात नसेल तर हार्ड क्लॅशमध्ये (प्रत्यक्ष घुसणं शोधणाऱ्या टेस्टमध्ये) ते दिसतच नाही, त्यासाठी क्लिअरन्सची, म्हणजे मोकळ्या अंतराची, वेगळी टेस्ट लावावी लागते. एवढं सगळं ठरल्यावर जो आकडा उरतो तो मी स्लाइडवर लिहिते. तो कुठल्याही एका रकान्यात तयार पडलेला नसतो.

कलाभवनवाला

ताई, तुम्ही माझ्या मनातलं बोललात. मी आणखी पुढे जातो. आकडा हाताने उतरवताना माणूस त्याच्याकडे बघतो. मागच्या वेळी ३१२ होते, आज ४० कसे, असं विचारायला तो थांबतो. यंत्राने भरलेल्या स्लाइडकडे रिव्ह्यूच्या आधी कुणी बघतच नाही.

आणि स्लाइडवर बरोबर आकडा असणं पुरेसं नसतं. २००३ साली कोलंबिया यान परतताना फुटलं, आपली कल्पना चावला त्यात गेली. उड्डाणाच्या वेळी पंखावर आदळलेल्या फोमबद्दल अभियंत्यांनी यान वर असतानाच स्लाइड्स केल्या होत्या. फोमचा तुकडा १९२० घन इंचांचा आणि चाचणी झालेली ३ घन इंचांच्या तुकड्यावर, हा आकडा त्यातल्या एका स्लाइडवर होता. पण होता तळाशी, बारीक ओळीत, आणि शीर्षक धीर देणारं. चौकशी मंडळाने अहवालात नासाच्या या सवयीवरच बोट ठेवलं, की तांत्रिक कागदाऐवजी पॉवरपॉइंटवर भागवतात. तो आकडा लिंक केलेला असता तर काय फरक पडला असता?

सावली_रोड

काका, आदर ठेवून सांगतो, तो उतरवणारा माणूस मी आहे. ऑफिसात सगळ्यात ज्युनियर असल्यामुळे रिव्ह्यूच्या आदल्या रात्री हे काम माझ्याकडे येतं. उतरवताना माणूस आकड्याकडे बघतो असं तुम्ही म्हणता. मी बघतो ते चौथा रकाना की पाचवा, एवढंच. रात्री अकराला ३१२ चे ४० का झाले हे विचारायला मी कुणाकडे जाऊ? लीड घरी गेलेले असतात, आणि माझ्या अर्ध्या स्लाइड्स बाकी असतात. स्क्रिप्टने हेच काम काही मिनिटांत झालं तर संध्याकाळी सहाला मी तो ४० घेऊन रावपुऱ्याच्या ताईंसारख्या कुणाच्या तरी टेबलाशी उभा राहीन. नजर ठेवायची तर वेळ लागतो, आणि तो टाइप करण्यातच जातो.

कोलंबियाचं उदाहरण मला पटलं. पण ते शीर्षक माणसानेच लिहिलं होतं ना?

अलकापुरी_वास्तू

आम्ही प्लांटवाले नाही, घरं बांधतो. पण रावपुऱ्याच्या ताईंचा मुद्दा आमच्याकडे फार महागात पडू शकतो म्हणून लिहिते.

रेराच्या २०१६ च्या कायद्यात कार्पेट एरियाची व्याख्या आहे. बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, बाल्कनी, उघडी गच्ची वगळायची, पण घराच्या आतल्या पार्टिशन भिंतींची जागा धरायची. रेव्हिट या इमारतीचं मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमध्ये रूमचं क्षेत्रफळ भिंतीच्या फिनिशपर्यंत मोजायचं सेटिंग असेल तर आतल्या भिंती त्यात येत नाहीत. म्हणजे खोल्यांची बेरीज रेराच्या आकड्यापेक्षा कमी. आणि बाल्कनीलाही रूम म्हणून ठेवलं असेल तर ती नको असताना बेरजेत येते. ही बेरीज थेट स्लाइडवर "कार्पेट एरिया" म्हणून गेली आणि तीच ब्रोशरमध्ये उतरली, तर? मॉडेल अचूक, लिंक अचूक, आणि ग्राहकाला सांगितलेला आकडा कायद्याने चूक.

तरी मी लिंकच्या बाजूने आहे. आम्ही कार्पेटसाठी वेगळा एरिया प्लॅन काढतो, रेराच्या व्याख्येप्रमाणे हद्दी आखतो आणि फक्त त्याचंच शेड्यूल (मॉडेलमधून निघणारा तक्ता) स्लाइडला जोडतो. व्याख्या एकदा मॉडेलमध्ये घातली की ती दर वेळी पाळली जाते. हाताने करताना आज पाळली, पुढच्या फ्लॅटला विसरली, असं होतं.

वाडीकर

अलकापुरींनी माझं म्हणणं माझ्यापेक्षा चांगलं मांडलं. लिंक करायची तर आधी मॉडेलमध्येच ठरवावं लागतं की आकडा म्हणजे नक्की काय. रावपुऱ्याच्या ताई जे डोक्यात ठेवून करतात ते टेस्टच्या नियमांत लिहावं लागेल: टॉलरन्स किती, गट कसे, क्लिअरन्सची टेस्ट लावली की नाही. त्या रजेवर गेल्या तर आज ते कुणाला माहीत असतं?

फाइल लोड न झाल्याचा धोका मी मनावर घेतला आहे. स्क्रिप्टने आधी लोड झालेल्या फायलींची यादी मागच्या वेळच्या यादीशी ताडून बघायची, एक जरी कमी असेल किंवा टॉलरन्स बदलला असेल तर स्लाइड बनवायचीच नाही, थांबायचं. टाइप करणारा माणूस हे तपासत नाही. सावली रोडने सांगितलंच, त्याला तेवढी उसंतच नसते.

मकरपुऱ्याचं पेस्ट लिंकबद्दलचं म्हणणं पूर्ण मान्य. ती आमच्याकडे बंद करायला लावतो.

रावपुऱ्याची_लेक

नियम लिहायला मी तयार आहे, त्यात माझाही फायदा आहे. पण अप्रूव्ह्डचं काय करणार? एखादा क्लॅश आम्ही साइटवर सोडवू म्हणून चालवून घेतो, आणि तो कुणी चालवून घेतला हे महत्त्वाचं असतं. तो आकडा उरलेल्या क्लॅशमध्ये मोजायचा की नाही हे नियमात बसत नाही, दर प्रकल्पाला क्लायंटशी बोलून ठरतं. माझी मागणी एवढीच की अप्रूव्ह्ड वेगळ्या ओळीत, मंजूर करणाऱ्याच्या पदासकट दाखवा. बेरजेत लपवू नका.

कलाभवनवाला

यादी ताडून मगच स्लाइड बनवायची, हे मला आवडलं. तेवढं असेल तर आकडे यंत्राने भरायला माझी हरकत उरली नाही.

शीर्षकाला मात्र आहे. वाडीकर, तुमच्या टेम्प्लेटमध्ये "क्लॅशमध्ये घट" असं शीर्षकही स्क्रिप्टच टाकणार असेल तर मी आजही विरोधातच आहे. शीर्षक विभागप्रमुखाने आकडे बघून, त्याच दिवशी, स्वतः लिहावं आणि खाली त्याचं नाव असावं.

वाडीकर

शीर्षकाची जागा स्क्रिप्टमधून काढली, काका. नाव घालायला आमचे विभागप्रमुख तयार होतील का, ते ६० टक्क्यांच्या रिव्ह्यूआधी विचारून इथेच कळवतो.