निवृत्तीनंतर हातात आलेला कॅमेरा : तुमचे अनुभव लिहा

पोस्टातून निवृत्त होऊन मला या डिसेंबरात तीन वर्षं झाली. पहिले काही महिने पहाटे पाचला आपोआप जाग यायची आणि डबा कुणाचा भरायचा हे आठवायला वेळ लागायचा. मग भाच्याने त्याचा जुना कॅमेरा आणून दिला. "मावशी, माझ्याकडे नुसता पडून आहे, तू वापर." आता आठवड्यातल्या तीन सकाळी मी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर असते.

मी एकाच पक्ष्यावर शिकले, तांबटावर. पांगाऱ्याच्या एका वाळक्या फांदीला खालच्या अंगाने तो भोक कोरत होता. चिमणीएवढा जीव, शेपूट फांदीला टेकवून ठोकत राहायचा, मग डोकं आत घालून चोचभर भुसा बाहेर फेकायचा. अकरा दिवस मी त्याच दगडावर बसले. पहिल्या पाच दिवसांत माझ्याकडे फक्त हललेल्या शेपटीचे फोटो होते. सहाव्या दिवशी लक्षात आलं की भोकातून उडण्याआधी तो तोंड बाहेर काढून दोन क्षण इकडेतिकडे बघतो. तेवढ्यात बटण दाबायचं. कपाळावरचा लाल टिळा, डोळ्याभोवतीचा पिवळा, चोचीला चिकटलेला भुसा, सगळं त्या एका फोटोत आलं. कॅमेऱ्याचं पुस्तक मी त्यानंतर उघडलं.

साठीच्या अलीकडे-पलीकडे ज्यांनी कॅमेरा, कुंचला, पेटी, काहीही नव्याने हातात घेतलं त्यांनी जरूर लिहा. कसं शिकलात, कुठे अडलात, सगळं सविस्तर येऊ द्या.

*

हडपसर, बँकेतून निवृत्त

ताई, तांबटाचं वाचून उत्साह आला. माझी शाळा म्हणजे कवडीपाट. सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरच्या अलीकडे आत वळलं की मुळा-मुठेवरचा जुना बंधारा लागतो. थंडीत तिथे चक्रवाक बदकं येतात, लडाख-तिबेटकडून. शेकाटे, धोबी, नदीसुरय, चित्रबलाक हे पक्षीही दिसतात.

माझी पहिली अडचण बगळा. प्रत्येक फोटोत बगळा म्हणजे नुसता पांढरा डाग, पीस न् पीस गायब. तिथेच भेटलेल्या एका कॉलेजच्या मुलाने समजावलं, "काका, मागे गडद पाणी आहे. कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, म्हणून तो उजेड वाढवतो. तुम्ही एक्स्पोजर एक घर खाली घ्या." घेतलं, आणि पिसांच्या कडा उमटल्या. काळा पाणकावळा फिकट आकाशासमोर असेल तर उलटं, वर न्यायचं. चाळीस वर्षं व्हाउचरं तपासली, पण उजेडाचा हिशेब त्या दिवशी पहिल्यांदा कळला.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. पाण्यावर फेस असतो, प्लास्टिक वाहत येतं, वास येतो. चित्रबलाकाच्या पायाशी पिशवी अडकलेली मी फ्रेममधून बघितली आहे. पूर्वी मी असे फोटो पुसून टाकायचो. आता वेगळ्या फोल्डरमध्ये तारखेनिशी ठेवतो.

*

चिंचवड, टूलरूममध्ये फिटर होतो

मोठ्या लेन्सच्या किमती बघून मी लहान जिवांकडे वळलो. जुन्या बाजारात ५० मिलिमीटरची हाताने फिरवायची लेन्स मिळाली. तीच उलटी करून कॅमेऱ्यावर बसवली. जोडायची रिंग लेथवर स्वतः काढली, आट्यांचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) जुळेपर्यंत दोन वाया गेल्या. लेन्स उलटी लावली की जवळचं भरपूर मोठं दिसतं. नवीन ऑटो लेन्स घेऊ नका, उलटी लावल्यावर तिचं उजेड आत सोडणारं छिद्र कमीजास्त करणं अवघड होतं. जुन्या लेन्सवर त्याची रिंग असते.

शार्प येणारा पट्टा मात्र केसाएवढा. छिद्र एफ ११ ला, म्हणजे बरंच बारीक, ठेवतो आणि फोकसची रिंग न फिरवता अंगच किंचित पुढेमागे झुलवतो. उडी मारणाऱ्या कोळ्याला आठ डोळे, त्यातले समोरचे दोन मोटारीच्या दिव्यांसारखे. त्या दोनांत फोकस बसला की बाकी धूसर चालतं. फ्लॅशचा उजेड मऊ करायला दुधाची पांढरी पिशवी धुऊन, कापून लावली आहे. बाजारातल्या डिफ्यूजरपेक्षा मला तीच बरी वाटते.

कंपनीत शंभरावा भाग मिलिमीटर मोजायचो. ती सवय निवृत्त झाली नाही याचा फार आनंद आहे.

*

सदाशिव पेठ, वय ७१

मला टेकडी चढवत नाही, दोन्ही गुडघे गेले. मी मोबाइलवरच काढते, तेही गॅलरीत. कढीपत्त्याच्या कुंडीत एका पानावर पक्ष्याची शीट दिसली म्हणून पुसायला गेले तर ती हलली! अळी होती. नातीने फोनवर बघून सांगितलं, कॉमन मॉरमॉन नावाच्या फुलपाखराची. लहानपणी अशी दिसते म्हणून पक्षी खात नाहीत, नंतर कात टाकून हिरवीगार होते. कढीपत्ता आणि लिंबू ही तिची झाडं.

मी रोज सकाळी आठला, त्याच बाजूने, शेजारी आगकाडी धरून फोटो काढला, म्हणजे वाढ कळते. अळीने कोष केला. कोष काळसर झाला आणि आतले पंख दिसू लागले तेव्हा मी खुर्ची टाकून बसले. दार वाजलं, दुधवाला होता. दोन मिनिटांत परत आले तर फुलपाखरू बाहेर येऊन रिकाम्या कोषाला लटकलेलं, पंख ओले, चुरगळलेल्या ओढणीसारखे. ते पसरेपर्यंत पाऊण तास माझ्यासमोर होतं. एकतीस फोटो आहेत. त्या झाडाला आता मी फोडणीसाठी हात लावत नाही, कढीपत्ता भाजीवाल्याकडून आणते.

*

औंध

थोडं कटू लिहितो. मी एका शनिवार-रविवारच्या शिबिराला चांगले पैसे भरून गेलो होतो. सगळे तिशीतले. शिकवणाऱ्याने शटर (उजेड किती वेळ घ्यायचा), छिद्र, आयएसओ (उजेडाला किती प्रतिसाद द्यायचा) वीस मिनिटांत उरकलं. मी दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणाला, "आजोबा, तुम्ही ऑटोवरच ठेवा." कॅमेरा चार महिने कपाटात गेला.

काढला तो सोसायटीतल्या एका मुलीमुळे. तिने मला फक्त शटर शिकवलं, पूर्ण आठवडाभर. पंख्याचे फोटो काढायला लावले : १/३० सेकंदाला पाती पुसट, १/१००० ला जवळजवळ स्थिर. दुसऱ्या आठवड्यात छिद्र. एका वेळी एकच गोष्ट. शिकवणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर कळकळीने विनंती आहे, आमच्या वयाला बुद्धी कमी पडत नाही, वेळ जास्त लागतो.

*

धायरी

पावसाळ्यात लेन्स कपाटात कपड्यांबरोबर ठेवू नका. माझ्या लेन्सला आतून बुरशी धरली, कोळ्याच्या जाळ्यासारखी. आता घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. ४० ते ५० टक्क्यांमध्ये ठेवतो. जेल ओलं झालं की गरम करून सुकवायचं.

*

बिबवेवाडी, दोघेही शिक्षक होतो

मी फोटो काढते, हे चित्र काढतात. भिगवणला, म्हणजे उजनी धरणाच्या फुगवट्यावर, दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत जातो. पुण्याहून साधारण १०० किलोमीटर. पाणी उतरून उथळ झालं की रोहित (फ्लेमिंगो) येतात. कुंभारगावातून नाव मिळते.

यांचं बघून मला एक कळलं. मी मिनिटाला चाळीस फोटो काढत होते, यांनी अर्ध्या तासात एका रोहिताचा एक पाय काढला. तो पाय चुकीचा वाटत होता, गुडघा मागे वळतो कसा? तीनदा खोडून परत काढला तेव्हा यांना उमगलं की तो गुडघा नाहीच, तो घोटा आहे. गुडघा वर पिसांत झाकलेला. चार वर्षं मी त्या पायांचे फोटो काढत होते, पण हा प्रश्न मला पडला नव्हता. तेव्हापासून मीही वही नेते.

दुसरं आमच्या नावाड्याबद्दल. शेजारच्या नावेतल्या लोकांना उडणारा थवा हवा होता, ते "जवळ घे, जवळ घे" करत होते. आमच्या नावाड्याने इंजिन केव्हाच बंद करून बांबू हातात घेतला होता. म्हणाला, "मॅडम, त्यांनी खाणं सोडून मान वर केली ना, की आपण थांबायचं. ते चालाय लागले म्हंजी आपण जास्त आलो." आम्ही थांबलो. थोड्या वेळाने त्यांनी माना खाली घातल्या आणि चोच उलटी करून चिखल गाळत आमच्याच दिशेने सरकत आले. माझा सगळ्यात चांगला फोटो तो आहे.

*

नारायण पेठ

कॅमेऱ्याचं नाही, पेटीचं लिहितो, चालेल ना? ६६ व्या वर्षी सुरू केली. माझे गुरुजी २९ वर्षांचे आहेत, मी त्यांना वाकून नमस्कार करतो. करंगळी वाकत नव्हती म्हणून त्यांनी पहिले तीन महिने फक्त भूपाचे पाच स्वर दिले. सा रे ग प ध. परवा पहिल्यांदा आमच्या हिने ओट्यापाशी उभं राहून सोबत गुणगुणलं.

*

धागा सुरू करणारी

सगळं दोनदा वाचलं. सदाशिव पेठेतल्या ताई, ते एकतीस फोटो ओळीने लावून एका कागदावर छापा, शाळेतल्या मुलांना दाखवण्यासारखं आहे. चिंचवडकर, दुधाच्या पिशवीचा प्रयोग मी आजच करते.

तांबटाची ती फांदी जूनच्या पहिल्या वादळात पडली. पिल्लं त्याआधी उडाली होती, ती मी पाहिली. फांदीचा तुकडा घरी आणला आहे. भोक बाहेरून जेमतेम रुपयाएवढं, कडा पॉलिश केल्यासारखी गुळगुळीत. आत बोट घातलं तर खाली वळतं आणि तळाला अजून थोडा भुसा लागतो.

पलीकडच्या झाडावर परत ठकठक ऐकू येते आहे. गुरुवारी सव्वासहाला पंचवटीच्या बाजूने चढणार आहे. यायचं असेल त्यांनी पाणी आणा, टोपी आणा, आणि गडद कपडे घाला.