डोई इंथानॉन: गाईडबरोबर डोंगरात आणि शेतात चाललेला दिवस, तुमचाही अनुभव लिहा

नोव्हेंबरात आम्ही चिआंग माईला होतो तेव्हा एक दिवस डोई इंथानॉनला दिला. थायलंडचं सगळ्यात उंच शिखर, २५६५ मीटर, पण डांबरी रस्ता थेट माथ्यापर्यंत जातो त्यामुळे बहुतेक लोक गाडीनेच वर जातात, दोन पॅगोडे, एक-दोन धबधबे आणि संध्याकाळी हॉटेलवर परत. आम्हीही तेच करणार होतो, पण कोणीतरी सांगितलं की फा डोक सिउची पायवाट चुकवू नका, आणि खरं सांगते, त्या अख्ख्या ट्रिपमधलं आज मला सगळ्यात जास्त काय आठवत असेल तर ती वाट.

लांबी फार नाही, अडीच-तीन किलोमीटर, बहुतेक उतारच. गावातलं माणूस बरोबर घेतल्याशिवाय सोडत नाहीत. आमच्याबरोबर आलेल्या मावशी करेन समाजाच्या, ते लोक स्वतःला पगाकन्यॉ म्हणतात, आणि त्यांना इंग्लिश अगदी मोजकंच येत होतं. आधी ओढ्याकाठचं दाट जंगल, मग धबधबा, मग बांबूचे साकव, आणि झाडी संपली की एकदम समोर भाताची खाचरं, पायऱ्यापायऱ्यांनी खाली मे क्लांग लुआंग गावापर्यंत उतरलेली. कापणी चालू होती. मावशी बांधावर थांबल्या, एका खाचराकडे बोट दाखवलं आणि मग तेच बोट स्वतःच्या छातीवर टेकवलं. त्यांचं शेत होतं ते! एक लोंबी हातात घेतली, दाणा दाताखाली फोडून बघितला, नाही अशी मान हलवली आणि दुसरा दाणा माझ्या तळहातावर ठेवला. मीही फोडला. आत अजून ओलसर, चिवट, कट्कन तुटत नव्हता. म्हणजे या तुकड्याला अजून काही दिवस थांबायचं, एवढं मला भाषेशिवाय कळलं.

तुमच्यापैकी कोणी तिथे चाललं असेल तर लिहा ना. कुठला महिना होता, बरोबर कोण होतं, त्यांनी काय दाखवलं. नुसती ठिकाणांची यादी नको.

*

आम्ही जुलैत गेलो होतो, लोकांनी वेड्यात काढलं पण मला पाऊसच हवा होता. माझं लहानपण कोकणात गेलं, आजोळी दरवर्षी लावणीला उतरायचो, त्यामुळे खाचरं दिसल्यावर मला राहवेना. चिखल तोच, वास तोच, आवणाच्या जुड्या तशाच बांधलेल्या. वरच्या खाचरातलं पाणी बांधाला ठेवलेल्या खाचेतून खालच्यात, तिथून त्याच्या खालच्यात, आणि त्या खाचेत एक दगड, तो इकडे सरकवला की पाणी जास्त, तिकडे सरकवला की कमी. माझे आजोबा हेच पायाच्या अंगठ्याने करायचे.

आमचा गाईड तिशीचा मुलगा होता, तो म्हणाला आज या घरची लावणी, उद्या त्या घरची, सगळे मिळून करतात आणि पैसे कोणी देत नाही, कष्टाची परतफेड कष्टाने. मी त्याला सांगितलं की आमच्याकडेही हेच, सावड म्हणतात, तर त्याने तो शब्द दोन-तीनदा म्हणून बघितला. चिखलणीला आता बैल-रेडे नाहीत, पॉवर टिलर आहे, आणि त्याला थाईमध्ये लोखंडी रेडा म्हणतात म्हणे, ते मला फार आवडलं. मी बूट काढून अर्धा तास लावणी केली, परवानगी विचारून. माझी ओळ बघून तिथल्या एक आजी काही बोलल्या, गाईडने सांगितलं की त्या म्हणतायत, हिने आधी केलंय.

जळवा मात्र आहेत, पावसात जाणार असाल तर पँट मोज्यात खोचा आणि दर थोड्या वेळाने पाय बघा.

*

मी आईला घेऊन गेलो होतो, तिचं वय ६७, गुडघे बरे आहेत. आम्ही फा डोक सिउ नाही, वरची क्यू मे पान वाट केली, जानेवारीत. ती जून ते ऑक्टोबर बंद असते हे लक्षात ठेवा, वरच्या ताईंसारखं जुलैत गेलात तर ती मिळणार नाही. तीन किलोमीटरच्या आसपास गोल फेरी आहे, सुरुवातीला शेवाळाने मढलेलं ढगातलं जंगल, खोडांवरून पाणी ठिबकत असतं, आणि तिथून वर निघालं की एकदम उघडा गवताळ कडा. कड्यावर लाल र्‍होडोडेंड्रॉन फुललेले. सकाळी इतकी थंडी की आईने मोजे हातात घातले.

इथेही गाईड सक्तीचा आणि तो ह्मोंग समाजाचा असतो. आमचे गाईड साधारण माझ्याच वयाचे. कड्यावर बसून त्यांनी खालच्या उताराकडे हात केला, म्हणाले माझ्या आजोबांचं अफूचं शेत त्या बाजूला होतं. अफू थायलंडमध्ये १९५९ पासून बंद, पण डोंगरातल्या माणसाने त्याऐवजी काय पिकवायचं आणि विकायचं कुठे, याची सोय नंतर झाली, राजा भूमिबोल यांनी १९६९ मध्ये रॉयल प्रोजेक्ट सुरू केला तेव्हापासून. भाज्या, फुलं, फळं, कॉफी. त्यांच्या घरी आता शेवंती असते. आईने विचारलं, आजोबांना वाईट नाही वाटलं का पीक सोडताना? ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, आजोबा स्वतःच ओढायचे, त्यामुळे आजीला बरं वाटलं. आई उतरताना त्यांच्याच हाताला धरून उतरली.

*

माझा अनुभव अर्धाच चांगला आहे पण सांगते, म्हणजे कोणाचा दिवस वाया जाणार नाही. आम्ही मार्चच्या शेवटी गेलो. फेब्रुवारी ते एप्रिल उत्तर थायलंडमध्ये धूर असतो, शेतातला पालापाचोळा जाळतात, जंगलात वणवे लागतात, आणि चिआंग माई खोलगट भागात असल्याने तो धूर हलत नाही. डोंगर दिसलाच नाही आम्हाला. दम्याचा त्रास असेल तर हे महिने टाळाच. शिवाय आम्ही ज्यांच्याकडून टूर घेतली त्यांनी गावातून दोन तास चालणं लिहिलं होतं आणि प्रत्यक्षात ड्रायव्हरने चाळीस मिनिटांत परत बोलावलं, तर बुक करताना गावचा गाईड आणि चालायचा वेळ दोन्ही लेखी घ्या.

त्या चाळीस मिनिटांत एवढं मात्र बघितलं की गावातली माणसं डोंगरधारेवर जाळरेषा काढत होती, पाला ओढून चांगला दोन माणसं आडवी झोपतील एवढा जमिनीचा पट्टा मोकळा करत होती. वणवा तिथे येऊन थांबावा म्हणून. गाईडही आम्हाला सोडून तिकडेच जाणार होता.

*

कॉफीबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून! मे क्लांग लुआंगला वाट संपते तिथे गावची अरेबिका मिळते. डिसेंबरात तोडणी चालू होती, मोठ्या झाडांच्या सावलीत झुडपं आणि त्यातली फक्त लाल झालेली फळं एकेक करून खुडायची, हिरवी तशीच ठेवायची, म्हणजे त्याच झुडपाकडे पुन्हा पुन्हा यायचं. मी वीस मिनिटांत एक मूठ भरली असेल.

आणि एक राहिलं. कॉफीच्या बागेच्या कडेला एका जुन्या झाडापाशी गाईडदादा थांबले आणि त्यांनी खोडावर हात ठेवला. करेन लोकांत बाळाची नाळ बांबूच्या नळकांड्यात घालून झाडाला बांधतात, आणि ते झाड मग कोणी तोडत नाही, ते त्या मुलाचं झाड. हे माझ्या बहिणीचं, ते म्हणाले. मी विचारलं तुमचं कुठंय, तर ओढ्यापलीकडे बोट दाखवलं, तिथे जायला वाट नव्हती. ता ब्लू म्हणजे धन्यवाद, एवढं मी त्यांच्याकडून शिकले होते, तेच म्हटलं.