गावात आगीवर धावणाऱ्या जुन्या गड्यांचा सत्कार करायचाय, नुसती शाल-नारळ नको, काय करावं?

लातूरचा_शेतकरी:
रामराम मंडळी. आमचं गाव लातूर जिल्ह्यात, तालुक्यापासून आडबाजूला. बंब निघाला तरी गावात पोचायला अर्धा-पाऊण तास जातोच, त्याला कुणाचा दोष नाही, अंतरच तेवढंय. म्हणून वर्षानुवर्षं गावातलीच सात-आठ माणसं आग विझवायला पळतात. कागदावर ह्याला पथक वगैरे काही नाव नाही, कुणी नेमलं नाही, मानधन तर सोडाच. सोयाबीनची बनीम (काढून रचलेला ढीग) कुणी रातच्याला पेटवली, तारा घासून उसात ठिणगी पडली, गोठा पेटला, की देवळाच्या भोंग्यावर पुकारा होतो (आता ग्राम सुरक्षा यंत्रणेचा फोन पण वाजतो सगळ्यांना एकदम) आणि हे लोक ट्रॅक्टरला टँकर जोडून निघालेच. पहिला फोन लाईनमनला, लाईन बंद झाल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही, हा नियम पण त्यांनीच घालून दिलेला.

त्यातले चौघं आता साठी-सत्तरीचे झालेत. दोघं तर १९९३ च्या भूकंपात किल्लारीकडं ढिगारे उपसायला गेले होते, तेव्हापासून गावात काही झालं की लोक पहिल्यांदा त्यांच्याच दाराशी. यंदा फाल्गुनात एका गड्याची कडब्याची गंजी पेटली, आम्ही पोरांनी पाणी मारून वरचा जाळ विझवला आणि पाईप गुंडाळायला लागलो तर त्या चौघांतले आबा म्हणाले थांबा. दाताळ्यानं गंजी ओढली, खालच्या पेंढ्यांच्या मधी हात घातला, म्हणले पोटात हाय अजून. उकरलं तर आत लालबुंद. आम्ही निघून गेलो असतो तर पहाटं पुन्हा पेटली असती, आणि शेजारीच जनावरं बांधलेली.

तर आता अडचण अशी की सरपंच म्हणायलेत मोठा कार्यक्रम घेऊ, आमदार साहेबांना बोलवू, बॅनर लावू. पोरं म्हणायलेत १४ एप्रिलला घ्या, काहीजण म्हणायलेत १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनानंतर उरका. आणि खुद्द आबा म्हणायलेत मला खुर्चीवर बसवलं तर मी उठून शेतात जाईन. कुणाच्या गावात असं काही झालंय का? नीट कसं करावं सांगा की.

धाराशिवचा_पाहुणा:
दादा पहिलं म्हणजे स्टेज करू नका. आमच्या पाहुण्यांच्या गावात असाच सत्कार झाला, प्रमुख पाहुणे यायला दोन तास लेट, ज्यांचा सत्कार ते म्हातारे बिचारे मांडवाच्या कडेला, आणि पाहुणे आल्यावर आधी पाहुण्यांचाच सत्कार, मग पाहुण्यांबरोबर आलेल्यांचा. ज्यांच्यासाठी केलं त्यांची नावं शेवटी घाईघाईत, त्यातलं एक चुकलं पण.

तारखेचं म्हणाल तर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिनच आहे. १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकात फोर्ट स्टिकिन नावाच्या जहाजाचा स्फोट झाला, त्यात आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले, त्यांच्या आठवणीत पाळतात. जहाजात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा शेजारी-शेजारी होता म्हणे, कापूस आतून कसा धुमसतो ते आपल्या भागात सांगायला नको. पण त्या दिवशी बाबासाहेबांची जयंती, सगळं गाव मिरवणुकीत, बरीच पोरं त्याच्याच तयारीत, तुमच्या कार्यक्रमाला कोण थांबणार? १४ ते २० एप्रिल अग्निशमन सप्ताह असतो, त्यातला एखादा संध्याकाळचा वार धरा. ऊन पण उतरलेलं असतं.

माजी_ग्रामसेवक_परभणी:
नोकरीत बरीच गावं बघितली म्हणून सांगतो. शाल कपाटात जाते, फोटो मोबाईल बदलला की जातो. राहतं ते ग्रामसभेचं प्रोसिडिंग. १५ ऑगस्ट नाहीतर २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय घ्या, अभिनंदनाचा ठराव करा, त्यात प्रत्येकाचं पूर्ण नाव, कोणत्या सालापासून, कोणकोणत्या आगी, जेवढं आठवेल तेवढं लिहून घ्या. सूचक-अनुमोदक त्यांनाच करा ज्यांचा गोठा नाहीतर ऊस ह्या लोकांनी वाचवलाय. मग त्या ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल फ्रेम करून द्या, मानपत्र म्हणून तेच. छापील मानपत्रातली "आपले कार्य दीपस्तंभासारखे" वाली भाषा कुणी वाचत नाही हो.

अजून एक सांगतो. ७४ व्या घटनादुरुस्तीत नगरपालिकांची कामं बाराव्या अनुसूचीत दिली, त्यात अग्निशमन सेवा आहे. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, त्यात आग विझवणं कुठंच नाही. म्हणजे नगरपालिकेसारखी अग्निशमन सेवा ह्या यादीत पंचायतीकडं दिलेली नाही, आणि तुमचे आबा इतकी वर्षं ते काम करायलेत. ठरावात हे एक वाक्य जरूर टाका.

खर्चाचं मात्र जपून, सत्काराची बिलं ग्रामनिधीतून काढली तर ऑडिटवाला विचारणारच. चहा-फराळाला लोकवर्गणी बरी.

गोदाकाठची_सुनंदा:
नांदेड जिल्ह्यातून लिहितेय. वरचं सगळं बरोबर, पण शाल नकोच असं म्हणू नका हं. माझे वडील अशाच कामाचे, त्यांना एकदा गावानं फेटा बांधला होता तर त्या दिवशी घरी आल्यावर दोन तास काढला नाही डोक्यावरचा, जेवले पण फेट्यातच. माणूस तोंडानं नको नको म्हणतो, त्याचा अर्थ खरंच नको असा नसतो. आबांना खुर्ची नको असेल तर पारावर बसवा, पण फेटा बांधा.

आणि एक विचारते, तुमच्या सात-आठ माणसांत बाई एक पण नाही का? आग लागल्यावर गडी टँकरवर असतात, पण हातपंपावरून हंडे-कळशांची रांग कोण लावतं? अंधारात विहिरीवर जाऊन मोटर कोण चालू करतं? आमच्या आखाड्यावर आग लागली तेव्हा शेजारच्या काकूंनी दाव्याला बांधलेली जनावरं विळ्यानं दावं कापून सोडली, गडी तर नंतर पोचले. काकूंचं नाव कुठल्याच यादीत नाही. यादी करताना गल्लीगल्लीत विचारून करा, चौकात बसून नाही.

बांधावरचा_गडी:
ताईंशी सहमत. आमच्यात उसाला आग लागली की गडी कोयत्यानं पट्टा तोडतात आणि ट्रॅक्टरवाला नांगर घालून मधी मोकळी पट्टी करतो, म्हणजे पाचटातून जाळ पुढं सरकत नाही. तो ट्रॅक्टरवाला स्वतःचं डिझेल जाळतो, टायर भाजतात, त्याला पण बोलवा. आणि तालुक्याच्या बंबावरचा ड्रायव्हर आणि फायरमन ह्यांना पाहुणे म्हणून बोलवा आमदाराच्या ऐवजी. आपल्या गावच्या रस्त्यानं रात्री-अपरात्री तेच येतात.

ऊसतोड_ते_ओव्हरसीज:
माझा भाचा ऑस्ट्रेलियात न्यू साऊथ वेल्सला असतो, तिकडं खेड्यातली आग विझवायला सगळे असे बिनपगारी लोकच असतात, त्यांची रीतसर संस्था आहे, ७० हजाराच्या वर माणसं. १५ वर्षं झाली की देशाचं नॅशनल मेडल, मग पुढं दर १० वर्षाला त्याच्यावर एक पट्टी. न्यूझीलंडमध्ये २५ वर्षाला गोल्ड स्टार देतात. मुद्दा मेडलचा नाही, मुद्दा असा की तिकडं नोंद असते म्हणून वर्षं मोजता येतात, आपल्याकडं "लई वर्षं झाली" एवढंच.

जालना_बसस्टँड:
मेडल राहू द्या, पहिलं बूट द्या. चप्पल घालून जळत्या पाचटात जातात राव.

लेखापाल_बीड:
बूट पाहिजेतच. त्याच्याबरोबर विमा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, वर्षाला २० रुपये, खात्यातून आपोआप कटतात, अपघाती मृत्यूला आणि कायमच्या पूर्ण अपंगत्वाला २ लाख, अंशतः अपंगत्वाला १ लाख. वय १८ ते ७० मध्ये पाहिजे, त्यामुळं तुमच्या आबांचं आधार कार्डावरचं वय आधी बघा. वर्ष १ जून ते ३१ मे असतं, मेच्या शेवटी खात्यात पैसे नसले तर बंद पडतं, आणि आपल्याकडं नेमकं तसंच होतं. गावानं वर्गणीतून सगळ्या टीमच्या खात्यात थोडे पैसे ठेवले तरी शालीच्या खर्चापेक्षा कमी लागतील. कार्यक्रमाच्या दिवशीच बँक मित्राला बसवा, फॉर्म तिथंच भरून घ्या.

तरुण पोरांसाठी आपदा मित्र म्हणून योजना आहे, प्रशिक्षण आणि किट मिळतं. आपल्याकडं बॅच कधी निघते ते तहसीलमध्ये आपत्ती व्यवस्थापनाच्या टेबलावर विचारा. म्हाताऱ्यांचा सत्कार करून परत त्यांनाच रात्री दोन वाजता उठवायचं असेल तर काय उपयोग.

धाराशिवचा_पाहुणा:
हे शेवटचं लई खरं बोललात.

माजी_ग्रामसेवक_परभणी:
थोडा फरक करतो ह्यात. म्हाताऱ्यांना एकदम बाजूला पण करू नका, घरी बसा म्हणलं की माणूस खचतो. त्यांना काम द्या. कोणत्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी असतं, कोणत्या डीपीवरून कोणती लाईन जाते, कोणता शिवरस्ता टँकरला चालतो, हे सगळं त्यांच्या डोक्यात आहे. पोरांनी त्यांना मोटारसायकलवर बसवून शिवार फिरावं आणि एका वहीत उतरवून घ्यावं.

लातूरचा_शेतकरी:
सगळ्यांचे आभार, एवढं कामाचं मिळंल वाटलं नव्हतं. काल पारावर बसून बोललो. आमदार साहेब रद्द (सरपंच जरा नाराज आहेत, पण बॅनरवर त्यांचा फोटो राहील म्हणल्यावर गप बसले, तेवढं चालायचंच). १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव, नावं आणि सालं गोळा करायला दोन पोरं आणि बचत गटातल्या दोन बाया अशी चौघांची टीम केली. सुनंदाताई, पहिल्याच गल्लीत अशी तीन नावं निघाली की आम्हाला गावात राहून माहीत नव्हती, एक आजी तर भूकंपाच्या वेळी टेंटमधल्या लोकांना भाकरी करून पाठवायच्या, त्यांचं नाव घ्यायचं की नाही ह्यावर वाद झाला, आग नव्हती ना ती. शेवटी घेतलं.

कार्यक्रम पुढच्या अग्निशमन सप्ताहात, संध्याकाळी. विम्याचं त्याच्यासाठी थांबत नाही, बँक मित्राला ह्याच आठवड्यात बोलावलंय. आबांना शिवार फिरायची वही सांगितली तर लगेच म्हणले उद्या सकाळी या, पण पेट्रोल कोण टाकणार? फेट्याचं अजून कुणी त्यांच्या कानावर घातलेलं नाही, ते काम त्यांच्या नातीकडं दिलंय.

आता एक मदत पाहिजे. टँकरला सध्या शेतातला पाईप लावतो, तो जाळाजवळ नेला की वितळतो. कुणाला जुना पण चांगला कॅनव्हासचा होज पाईप कुठं मिळतो माहीत असेल तर सांगा. बंबावरच्या माणसानं सांगितलं की ६३ एमएमचं कपलिंग घ्या म्हणजे गरज पडली तर त्यांच्या गाडीला पण जोडता येईल. आमच्या टँकरचा व्हॉल्व अडीच इंची आहे, मधी अडॅप्टर लागंल ना? लातूर एमआयडीसीत कुणी बनवून देतं का?