पुन्हा पुन्हा वाचणं म्हणजे उजळणी नव्हे

धागा : एक आई
परीक्षा जवळ आली की मुलं धडा तीन-तीनदा वाचतात, निम्मं पान हायलायटरने पिवळं करतात आणि म्हणतात, झाली उजळणी. मला ही पद्धत फसवी वाटते. ओळी ओळखीच्या दिसतात म्हणून सगळं येतंय असं वाटतं. पेपरात मात्र ओळखायचं नसतं, आठवायचं असतं.

रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हेच तपासलं. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहिला. आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा लिहिणारे पुढे होते. म्हणून पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर लिहा, निसटलेलं नंतर दुसऱ्या शाईने भरा.

शिकवणी घेणारा
ताई, अर्धंच सांगितलंत. त्याच प्रयोगात पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारेच पुढे होते! शिवाय ज्याला धडाच कळलेला नाही, त्याचा कागद कोराच राहतो. अशी मुलं मी रडताना पाहिली आहेत. आणि पाढे, व्याख्या, सूत्रं घोकल्याशिवाय कुणाला आली आहेत?

एक आई
पाच मिनिटांचं खरं आहे. पेपरच्या दिवशी सकाळी वह्या जरूर चाळाव्यात, पण आठवडाभर तेच करू नये.

पाढ्यांचं म्हणाल तर ते माझ्याच बाजूचं उदाहरण आहे. पाढे म्हणताना पुस्तकात कोण बघतं? ते न बघता आठवणंच असतं.

कोऱ्या कागदाची भीती माझ्या मुलीलाही होती. मग मी नुसते प्रश्न लिहून देऊ लागले. प्रकाशसंश्लेषण : काय लागतं? काय तयार होतं? पानात नेमकं कुठे घडतं? तीन ओळी जमल्या की चौथी ती आपणहून लिहायची.

विद्यार्थिनी
काकू, गणिताचं कुणीच बोलत नाही. एका प्रकरणाची वीस गणितं ओळीने सोडवली की सूत्र कोणतं ते वर मथळ्यातच दिसतं. पेपरात मथळा नसतो. मी तीन प्रकरणांची गणितं चिठ्ठ्यांवर लिहून मिसळते. चुका खूप होतात, पहिले काही दिवस वैताग येतो, पण सूत्र निवडायची सवय त्यातूनच लागली. चुकलेली चिठ्ठी दुसऱ्या दिवशी परत काढते, बरोबर आलेली चार दिवसांनी.

शिकवणी घेणारा
चिठ्ठ्या पटल्या. अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच, स्वतः निरर्थक अक्षरं पाठ करून, दाखवलं होतं. प्रश्नांचा कागदही वर्गात देऊन बघतो. पण धडा न कळलेल्या मुलाला मी आधी समजावणार, पुन्हा वाचायला लावणार आणि मगच पुस्तक मिटायला सांगणार. तो क्रम मी बदलणार नाही.