इलेक्ट्रिशियनने जाताना स्टिकर लावावा का? नाशिककरांनो, तुमचे अनुभव लिहा

हल्ली फिटिंगचं काम संपलं की बरेच इलेक्ट्रिशियन जाताना आपला स्टिकर चिकटवून जातात. कोणी एमसीबी (जास्त लोड आला की आपोआप पडणारे स्विच) बॉक्सच्या झाकणावर, कोणी हॉलच्या बोर्डावर, कोणी थेट इन्व्हर्टरवर. काहींना याचा राग येतो, आमच्या घरात तुमची जाहिरात कशाला म्हणतात, आणि काहींना अडीनडीला तोच नंबर कामाला येतो. माझं मत आधीच सांगून टाकते. स्टिकर असावा, पण बॉक्सच्या झाकणाच्या आत, लहान, आणि त्यावर नाव-नंबरासोबत तारीख आणि काय काम केलं तेही लिहिलेलं असावं. पाथर्डी फाटा, मखमलाबाद, म्हसरूळ सगळीकडे नव्या बिल्डिंगी होतायत, बिल्डरचा वायरिंगवाला काम करून पुढच्या साइटला जातो आणि दोन वर्षांनी भिंतीत कुठली वायर कुठून गेलीये हे सांगणारं कोणीच नसतं, म्हणून मला हा विषय महत्त्वाचा वाटतो. तुमच्या घरी, दुकानात, शेतावर काय झालं ते लिहा. इलेक्ट्रिशियन मंडळींनी तर नक्की लिहा. फक्त कोणाचा फोन नंबर इथे टाकू नका.

सिडकोवाली
माझा अनुभव चांगला आहे म्हणून मीच सुरुवात करते. पावसाळ्यात रात्री एकदम लाईट गेली, समोरच्यांकडे आहे आणि आमच्याकडेच नाही, मिस्टर बाहेरगावी आणि सासूबाईंना दम्याचा त्रास, त्यांना मशीन लागतं. मोबाइलच्या उजेडात बॉक्स उघडला तर झाकणाच्या आतल्या बाजूला स्टिकर होता, लावला फोन. दादांनी झोपेतून उठून उचलला. म्हणाले ताई घाबरू नका, हात कोरडे करा, पायात चप्पल घाला, आधी सगळ्या छोट्या एमसीबी खाली करा. आता ती टेस्टचं बटण असलेली मोठी आहे ना ती वर करा. राहिली? मग एकेक छोटी वर करत या. किचन राहिली, हॉल राहिली, गीझरची वर केली की खाडकन मोठी पडली. ती तेवढी खालीच ठेवा, बाकीचं चालू करा, सकाळी येतो म्हणाले, आणि आलेही. गीझरचं कॉइल फुटलं होतं आणि पाण्यात करंट उतरत होता. प्रत्येक एमसीबीखाली बारीक अक्षरात किचन, गीझर, बेडरूम असं लिहिलेलं होतं म्हणून मला त्या अंधारात कुठली कसली ते कळलं, नाहीतर नुसत्या फोन नंबरने काय झालं असतं?

वायरमन सातपूर
ताईंना सांगितलेली पद्धत बरोबर आहे. त्यात एक जोडतो. सगळ्या छोट्या खाली करूनही मोठी टिकत नसेल तर बऱ्याचदा न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, कुठेतरी अर्थिंगला लागलेला असतो, कारण घरातली साधी एमसीबी फक्त फेज तोडते, न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो. तिथे घरच्यांनी थांबावं आणि माणूस बोलवावा. ती मोठी म्हणजे आरसीसीबी, करंट कुठे गळायला लागला की पडते, घरात साधारण 30 मिलिअँपिअरची असते, ती माणसाचा जीव वाचवायला आहे, सारखी पडते म्हणून काढून टाकू असं म्हणणाऱ्याला परत घरात घेऊ नका.

आता माझं. मी स्टिकर लावतो, पण त्याचा मनस्तापही भोगलाय. गंगापूर रोडला एका बंगल्यात माझं काम होतं, बॉक्समध्ये माझा स्टिकर. नंतर दुसऱ्याच कोणीतरी एसीच्या 2.5 स्क्वेअर मिमीच्या वायरवर अजून एक एसी आणि गीझर टाकला, एमसीबी पडायला लागली म्हणून 16 अँपिअरची काढून 32 ची बसवली. मग काय होणार, एमसीबी पडायची थांबली आणि वायर तापायला लागली, बोर्ड जळून काळा पडला. मालकांनी बॉक्स उघडला, माझं नाव दिसलं, मला बोलवून घेतलं आणि चार लोकांत वाट्टेल ते बोलले. माझ्याकडे काम संपल्या दिवशीचे फोटो होते, त्यात 16 चा आकडा स्पष्ट दिसत होता म्हणून विषय मिटला. तेव्हापासून स्टिकरवर रिकामी जागा छापून घेतो आणि हाताने लिहितो, कुठली लाईन, किती स्क्वेअरची वायर, किती अँपिअरची एमसीबी, तारीख, परवाना नंबर. तोच फोटो मालकाच्या व्हॉट्सअॅपवर पण टाकतो. नुसतं नाव लावून जाणं म्हणजे पुढच्याच्या चुकीची पावती आपल्या नावावर फाडून ठेवणं.

वाड्यातला
जुन्या नाशकात आमचा वाडा आहे, सागवानी खांब, काही बोर्ड अजून लाकडी पेटीचे. मागे एकाने फक्त दोन पॉइंटचं काम केलं आणि पेटीवर तळहाताएवढा चकचकीत स्टिकर मारून गेला, न विचारता. काढायला गेलो तर वरचा कागद निघाला आणि गोंद तसाच, खोबरेल तेल लावून ठेवलं, चोळलं, तेव्हा गेला पण पॉलिशचा पापुद्रा घेऊन गेला. आजोबांच्या हातची पेटी होती ती. दुसऱ्या खोलीत पांढऱ्या मॉड्युलर प्लेटवर होता तो भावाने थिनरने पुसला तर प्लेटच धुरकट झाली. प्लास्टिकवर थिनर अजिबात लावू नका, हेअर ड्रायरने गरम करून हळूहळू सोला. आतमध्ये काय लावायचं ते लावा, माझी ना नाही, पण बाहेर हात लावायच्या आधी घरच्यांना विचारा.

निवृत्त नाशिकरोड
माझ्या घरात आत नको आणि बाहेरही नको. काम केलं, पैसे घेतले, विषय संपला. नंबर माझ्या डायरीत आहे.

द्राक्षवाला पिंपळगाव
शेतावर वेगळीच गत असते भाऊ. मोटर जळाली की रिवाइंडिंगला टाकायची, तो दुकानवाला मोटरवर नाव आणि तारीख पेंटने टाकतो, कारण गॅरंटीचा वाद झाला की तोच पुरावा. पण सबमर्सिबल एकदा बोअरमध्ये सोडली की त्यावर काय लिहिलंय ते कोण बघणार? आमचा वायरमन हुशार, तो सगळं स्टार्टर पेटीच्या दाराच्या आतून लिहितो. किती एचपीची मोटर, किती फुटावर सोडली, कितीचं केबल, चालू असताना किती अँपिअर घेते आणि रिले (जास्त करंट घेतला की मोटर बंद करणारा) कितीवर सेट केला. त्याचा फायदा बघा, ऑक्टोबर छाटणीनंतर पाण्याची घाई, रात्रीची लाईट, मोटर सारखी ट्रिप व्हायला लागली. तो स्वतः दुसऱ्या गावी होता, त्याने पाठवलेल्या पोराने दार उघडलं, वायरीतला करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावला, लिहिलेला आकडा आणि आत्ताचा आकडा बघितला, एका फेजवर करंटच नाही. मोटरला हात पण लावला नाही, थेट डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) फ्यूज गेलाय म्हणाला, तसंच निघालं. आकडा लिहिलेला नसता तर रातोरात मोटर वर काढली असती, गडी, चेनपुली, सगळा खर्च आणि हाती काहीच नाही. पेटीच्या बाहेर लावलेला कागदी स्टिकर मात्र एका उन्हाळ्यात पांढराफटक होतो, त्याचा काही उपयोग नाही.

सोसायटी सचिव
आमच्या मीटररूमचं सांगतो. भिंतभर स्टिकर, इन्व्हर्टरवाला, वायफायवाला, एसीवाला, गॅसवाला. फ्लॅट नंबर लिहिलेल्या पट्ट्यांवर स्टिकर, आणि कहर म्हणजे लाल कवटीच्या 440 व्होल्ट धोक्याच्या पाटीवर निम्म्यात एकाने आपला नंबर चिकटवलेला. एकदा तर मीटरच्या काचेच्या कडेवर लावला होता, रीडिंगचा फोटो काढणाऱ्या माणसाला आकडा नीट दिसेना. मीटर महावितरणचं असतं, त्यावर आणि सीलवर कोणी काही चिकटवायचा प्रश्नच येत नाही. आम्ही मीटिंगमध्ये ठराव केला, मीटररूममध्ये स्टिकर बंद, दाराला एक वही बांधली, जो काम करेल त्याने तारीख, फ्लॅट, काम, नाव, नंबर लिहायचं आणि सही करायची. वॉचमन काका वही भरल्याशिवाय गेटमधून सोडत नाहीत. आता कोणाचा काय फॉल्ट आला की आधी वही बघतो. बाकी सोसायट्यांनी पण हे करून बघा, खर्च एका वहीचा आहे.

ती इलेक्ट्रिशियन
मी आयटीआयला वायरमन ट्रेड केला, आता घरगुती कामं घेते, जेल रोड आणि देवळाली कॅम्प बाजूला. सुरुवातीला हौसेने स्टिकर छापले, माझं नाव आणि माझा नंबर. दुकानं, क्लासेस, रूमवर राहणाऱ्या मुलांचे फ्लॅट, तिथे लागलेल्या स्टिकरवरून नको नको ते फोन यायला लागले, रात्री अपरात्री, कामाचं काही नाही. घरचे म्हणाले धंदाच सोड. मी धंदा सोडला नाही, स्टिकर बदलला. आता त्यावर फक्त आडनाव आणि कामासाठीचा वेगळा नंबर, तो रात्री भावाकडे असतो आणि खरी अडचण असेल तर तो मला उठवतो. हे मुद्दाम लिहिलं कारण नंबर लावा म्हणणं सोपं असतं, तो नंबर कोणाकोणाच्या नजरेला पडतो हे लावणाऱ्याला सोसावं लागतं. गिऱ्हाइकांनी बॉक्सचं झाकण बंद ठेवलं तरी खूप झालं. आणि चांगलंही सांगते, देवळालीच्या एका आजींनी दोन वर्षांनी बॉक्स उघडून मला फोन केला, तूच ये म्हणाल्या, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. तो दिवस विसरणार नाही.

अंबडवाला
कंपनीत मेंटेनन्सला आहे. आमच्याकडे हा वादच नाही. पॅनेलवर बनवणाऱ्याचं नाव आणि बनवल्याची तारीख असावीच लागते, आयएस/आयईसी 61439 या पॅनेलच्या मानकातच आहे ते, प्लेट रिबिटने मारलेली असते. आत प्रत्येक वायरला नंबरची फेरूल, दाराच्या खिशात ड्रॉइंग. कोणी बदल केला तर ड्रॉइंगवर लाल पेनने खूण आणि सही. घराच्या बॉक्सला एवढं नको, पण कुठली एमसीबी कुठे जाते त्याचा एक कागद लावायला काय जातं? स्टिकर हवा की नको विचारण्याआधी तो कागद मागा.

फसलेला ग्राहक
उलटा अनुभव लिहितो. नव्या फ्लॅटमध्ये बॉक्सवर एका नामांकित वायर कंपनीचा स्टिकर होता, आम्ही खूश. वर्षभराने पंख्याचा पॉइंट बदलताना वायर बाहेर काढली तर तिच्यावर भलतंच नाव, आणि तेही धड वाचता येईना. ठेकेदाराला विचारलं तर म्हणाला स्टिकर कंपनीवाले फुकट देतात, सगळीकडे लावतो. म्हणून सांगतो, स्टिकरवर जाऊ नका. चांगल्या वायरच्या अंगावरच कंपनीचं नाव, साइज आणि वायरच्या मानकाचा नंबर आयएस 694 छापलेलं असतं, थोड्या थोड्या अंतराने. भिंत बंद व्हायच्या आधी साइटवर जाऊन स्वतःच्या डोळ्याने बघा आणि फोटो काढून ठेवा.

वायरमन सातपूर
हे वाचून वाईट वाटलं, आमच्यातलीच माणसं असं करतात आणि मग सगळ्यांवरचा विश्वास उडतो.

मावसभाऊ इंग्लंडात
मावसभाऊ तिकडे इलेक्ट्रिशियन आहे, त्याला विचारून लिहितोय. तिकडे वायरिंगचे नियम बीएस 7671 मध्ये आहेत. बॉक्सजवळ मागची तपासणी कधी झाली आणि पुढची कधी करावी हे लिहिलेली पट्टी लावतात, आरसीडीचं टेस्ट बटण सहा महिन्यांनी दाबा अशी सूचना पण. आरसीडी म्हणजे आपली आरसीसीबीच. कंपनीचा स्वतःचा स्टिकर लावायचा की नाही यावर तिकडेही वाद घालतात म्हणाला, पण तारखेच्या पट्टीवर कोणाचं दुमत नाही. मला वाटतं आपण निदान ती तारीख उचलावी.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. आमच्या इंदिरानगरच्या घरी आरसीसीबीचं बटण बसवल्यापासून कोणी दाबलेलंच नव्हतं, आज दाबून बघितलं, पडली, म्हणजे ठीक आहे. अंबडवाल्यांनी म्हटलेला कागद पण करून घेते. सोलर आणि इन्व्हर्टरवाल्यांचे अनुभव अजून आले नाहीत, लिहा ना.

सोलर लावलेला म्हसरूळ
केंद्राच्या सूर्यघर योजनेतून गच्चीवर 3 किलोवॉटचं सोलर बसवलं, 78,000 सबसिडी मिळाली. बसवणाऱ्याने गच्चीच्या कठड्यावर रस्त्यावरून दिसेल असा भलामोठा बोर्ड लावला, तो मी काढायला लावला. पण डीसी बॉक्सवरची (पॅनेलच्या वायरी येतात त्या पेटीवरची) पट्टी ठेवली, खाली मेन बंद केली तरी उन्हात पॅनेलकडून येणाऱ्या वायरीत करंट असतो, ते त्यावर लिहिलंय. उद्या आग लागली, अग्निशमनवाले आले, तर त्यांना ती पट्टी दिसलीच पाहिजे. तिच्यावर कोणाचा लोगो असला तरी माझी तक्रार नाही.

ती इलेक्ट्रिशियन
इन्व्हर्टरचं मीच लिहिते, कारण हे फार जवळून बघितलंय. एका घरी दुसऱ्यांनी केलेल्या फिटिंगवर काम होतं, आम्ही मेन खाली केली, माझ्यासोबतचा मुलगा पंख्याचा बोर्ड उघडायला गेला. मी म्हटलं थांब, आधी टेस्टर लाव. लावला तर पेटला. इन्व्हर्टरची लाईन होती, मेन बंद झाल्याबरोबर बॅटरीवर चालू झाली, आणि बॉक्सवर कुठेही तसं लिहिलेलं नाही. बॉक्सच्या बाहेर मात्र बॅटरीवाल्याचा ऐसपैस स्टिकर, बॅटरीचं नाव, दुकानाचं नाव, दोन दोन नंबर. एवढ्या जागेत एक ओळ बसली नसती का? मी त्या घरातून निघताना माझा स्टिकर लावला नाही, कारण फिटिंग माझं नव्हतं. लाल मार्करने एमसीबीशेजारी लिहिलं, हॉल आणि बेडरूमचे पंखे-दिवे इन्व्हर्टरवर, मेन बंद केली तरी चालू राहतात, आधी इन्व्हर्टर बंद करा. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांनी आजच आपला बॉक्स उघडून बघा, असं काही लिहिलेलं नसेल तर तुमच्या इलेक्ट्रिशियनला विचारून लिहून घ्या.