जागा कमी लागते, पण पाणी?

अणुवीज प्रकल्पाला जागा कमी लागते म्हणून शेजारच्या पक्ष्यामाशांचं फार बिघडत नाही, हा तुमचा मुद्दा अर्धाच पटला. कुंपणाच्या आतली जागा कमी लागते हो, पण पाणी किती लागतं ते बघा ना. रिअ‍ॅक्टरच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशाचीच वीज होते, उरलेली थंड करायला ओढलेल्या पाण्याबरोबर जाते समुद्रात. इंग्लंडमधला हिंक्ली पॉइंट सी हा बांधकाम चालू असलेला अणुवीज प्रकल्प सेवर्न नदीच्या मुखातून सेकंदाला एक लाख लिटरहून जास्त पाणी ओढणारे. मोठे मासे जाळीला चिकटून मरतात ते निदान दिसतात तरी, अंडी आणि बारीक पिल्लं मात्र आरपार आत जातात, मग पंपाचा मार, गरम पाणी, वर बऱ्याच प्रकल्पांत पाइपात शिंपले बसू नयेत म्हणून टाकलेलं क्लोरीन, आणि हे कुणाच्या फोटोत येत नाही. हिंक्लीला मासे दूर ठेवायला पाण्याखाली आवाज करणारी यंत्रणा बसवायची अट होती, कंपनी म्हणाली अट काढा, २०२२ मध्ये सरकारने नाही म्हटलं.

उलटं उदाहरणही आहे. अमेरिकेत फ्लोरिडातल्या टर्की पॉइंट अणुवीज प्रकल्पाच्या कूलिंग कालव्यांच्या (गरम पाणी थंड करायच्या कालव्यांच्या) बांधांवर अमेरिकन मगरी अंडी घालतात, मस्त वाढल्यात. पण त्याच कालव्यांतलं अतिखारट पाणी जमिनीखालून पसरलं, म्हणजे मगर खूश, भूजल नाराज :)

माझा अणुवीजेला विरोध नाहीये. कूलिंग टॉवर, म्हणजे तेच पाणी हवेने थंड करून पुन्हा वापरणारे मनोरे, लावले तर पाणी खूपच कमी ओढावं लागतं, खर्च वाढतो, थोडी वीजही जाते. मग जागा ठरवतानाच हा हिशोब का मांडत नाहीत, बांधकाम निम्मं झाल्यावर अटींवरून घासाघीस कशाला?