मदत हवी आहे: एनएमआर प्रोजेक्टच्या फायनल रिपोर्टमध्ये 'आउटकम' म्हणून काय लिहू?

मंडळी, इथे कोणी सॉलिड स्टेट एनएमआरवाले (घन सॅम्पल मोठ्या चुंबकात ठेवून त्यातल्या अणूंचे रेडिओ सिग्नल मोजणारे) आहेत का? सरकारी ग्रँटचा कम्प्लिशन रिपोर्ट लिहिलेलं कोणी असेल तरी चालेल.

आमचा प्रोजेक्ट जिओपॉलिमरचा. थर्मल प्लांटची फ्लाय अ‍ॅश कॉस्टिक आणि सोडियम सिलिकेटमध्ये कालवायची, ओव्हनमध्ये क्युअर करायची, की सिमेंटशिवायच घट्ट ठोकळा मिळतो. प्रपोजलमध्ये सरांनी ठोकून दिलंय की राख किती टक्के रिअ‍ॅक्ट झाली ते अ‍ॅल्युमिनियम-२७ च्या एनएमआरने सांगू. यूसी (युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे ग्रँट वापरल्याचा दाखला), खर्चाचं स्टेटमेंट सगळं तयार आहे, गाडी अडलीये ती या टक्क्यांवर.

स्पेक्ट्रा तसे वाईट नाहीत, क्युअरिंगनंतर ६० पीपीएमजवळचा (पीपीएम म्हणजे स्पेक्ट्रमच्या आडव्या पट्टीवरचं माप) चार ऑक्सिजनवाल्या अ‍ॅल्युमिनियमचा पीक मस्त उंच आणि अरुंद झालाय. पण राखेत लोह! चुंबक फिरवून बरंच काढलं तरी काचेच्या कणांत अडकलेलं राहतंच, मग पीक फुगतात, साइडबँड (सॅम्पल फिरवल्यामुळे खऱ्या पीकच्या दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरावर येणारे जादा पीक) पसरतात आणि लोहाला खेटून असलेलं अ‍ॅल्युमिनियम तर बहुतेक दिसतच नाही. त्यात आमचं मशीन ४०० मेगाहर्ट्झचं, रोटर (सॅम्पल भरलेली नळी) १० किलोहर्ट्झला फिरवला की साइडबँडमधलं अंतर होतं ९६ पीपीएम, म्हणजे ६० च्या पीकचा एक साइडबँड जाऊन बसतो -३६ ला, सहा ऑक्सिजनवाल्याच्या, म्हणजे ० च्या पीकच्या पायथ्याशी. शिवाय न विरघळलेला म्युलाइट (राखेतलंच अ‍ॅल्युमिनियमवालं खनिज) ६० आणि ० दोन्हीकडे हजेरी लावतो, तो वेगळाच ताप.

८०० मेगाहर्ट्झच्या मशीनवर क्वाड्रुपोलर रुंदी (अ‍ॅल्युमिनियमच्या केंद्रकाच्या स्वभावामुळेच पीकला येणारी) पीपीएममध्ये चौथाई होईल हे खरं, पण लोहामुळे येणारी रुंदी हर्ट्झमध्ये फील्डबरोबर वाढते, म्हणजे साइडबँड अजून माजणार. मग १.३ एमएमचा रोटर लावून ६० किलोहर्ट्झला फिरवायचं का? सॅम्पल चिमूटभर मावतं त्यात, सिग्नल पुरेल?

दुसरं, १० अंशांचा छोटा रेडिओ पल्स देऊन, वजन केलेल्या स्टँडर्डशी तुलना करून 'एकूण अ‍ॅल्युमिनियमपैकी दिसलेलं इतकं' असं काढलं तर रिव्ह्यूअर मान्य करतात का? एकूण आकडा एक्सआरएफचा (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजायची पद्धत) आहे आमच्याकडे.

सर म्हणतात सरळ इंटिग्रेशन करून टक्के टाक, कोण बघतंय. मला ते पटत नाहीये. 'ऑब्जेक्टिव्ह अंशतः पूर्ण' असं लिहिलं तर पुढच्या ग्रँटला खरंच फटका बसतो, की नुसतीच भीती घालतात? कोणी तसं लिहिलं असेल तर नेमकी वाक्यं कशी होती तेवढं सांगा, व्यनि केलात तरी चालेल.